सव्वा महिन्याचा पगार

(गारखेडा येथे भरलेल्या आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिक्षण, लग्नकार्यातील खर्च, तरुणांचे व्यवसाय अशा विषयांवर जाणत्या मंडळींची भाषणे होतात. यंदा कार्यकारी मंडळाने आमच्यासारख्या एका निवृत्त हजेरी-कारकुनास उभे केले आणि विषयाची निवडही आमच्यावरच सोपविली. आमचा विषय कळल्यावर एकदोघा स्नेह्यांनी हळूच विचारले, की बाळंतपण हा विषय पुरुषाने, आणि तोही भर सभेत, का घ्यावा? त्यांना जे सांगितले तेच येथे सर्वांसमक्ष सांगतो. बाळंतपण घरात किंवा दवाखान्यात होते हे खरे. परंतु बाळंतिणीने कितव्या दिवशी उठून कामास लागावे हे पुष्कळदा दुकानात ठरते, कारखान्याच्या दारावर ठरते, मुंबईच्या वा दिल्लीच्या कायदेमंडळात ठरते, आणि त्या प्रत्येक ठिकाणी लेखणी बहुधा पुरुषाच्या हाती असते. तेहतीस वर्षे तशी एक लेखणी आमच्या हातात होती. तिच्याविषयी काही सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आमचे बालपण याच गारखेड्यात गेले. तेव्हा गारखेडे हे शहराबाहेरचे गाव होते. आज जेथे विभागीय क्रीडा संकुल उभे आहे आणि पुंडलिकनगर, हनुमाननगर यांसारख्या वसाहती दाटीवाटीने वसल्या आहेत, तेथे शेते होती. वडील गुलमंडीकडे एका दुकानात शिलाईस जात आणि घरी आईचे पायाचे मशीन चाले. आपल्या शिंप्यांच्या घरोघरी असेच होते. नामदेवरायांच्या तसबिरीखाली मशीन आणि मशीनखाली चिंध्यांचे गाठोडे. काज-बटण, तुरपई, परकर-पोलकी, शाळेचे गणवेश हे सारे नगावर चाले. जितके नग, तितके पैसे. मशीन थांबले की डबा रिकामा, हे आम्हां मुलांनाही ठाऊक होते.

आम्ही सहा वर्षांचे असताना धाकट्या भावाचा जन्म झाला. आईस सव्वा महिना जमिनीवर पाऊलच ठेवू दिले नाही असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल; परंतु मशीनला हात लावू दिला नाही हे मात्र अक्षरशः खरे. सकाळी अंगाला तेल, कढत पाण्याने आंघोळ, शेक-शेगडी, धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, जेवणावर बाळंतशेपा, हा सर्व क्रम आजी जातीने पाहत असे. (बंद खोलीतल्या धुराबद्दल डॉक्टर मंडळी आज नापसंती दाखवितात आणि ती योग्यच आहे. जुने ते सर्व सोने असे आमचे म्हणणे नाही.) आणि मशीन? मशीन बंद पडले नाही. पैठणहून मावशी आली होती. ती सकाळी स्वयंपाक आटोपून मशीनवर बसे, गिऱ्हाइकांचे कपडे वेळेवर देई, आणि शिलाईचे पैसे संध्याकाळी आईच्याच डब्यात टाकी. दोन वर्षांनी मावशीचे बाळंतपण झाले तेव्हा आई पैठणास गेली आणि तिकडच्या डब्यात पैसे पडू लागले. त्या वयात आम्हांस यात विशेष असे काही वाटले नाही. पुढे आयुष्यभर मस्टर लिहिल्यावर उमगले, की या दोघी बहिणींनी एकमेकींना भरपगारी रजा दिली होती.

या सव्वा महिन्याविषयी थोडे अधिक बोलणे अवश्य आहे. प्रसूतीनंतर गर्भाशय मूळ आकारास येण्यास सुमारे सहा आठवडे लागतात असे वैद्यकशास्त्र सांगते. अतिरक्तस्राव, जंतुसंसर्ग, रक्तदाब वाढून येणारे झटके ही मातेच्या जिवावर बेतणारी संकटे या मुदतीत ओढवू शकतात. म्हणूनच जगभर मातामृत्यूंची गणना करताना गरोदरपण संपल्यापासून ४२ दिवसांपर्यंतचे मृत्यू हिशेबात घेतात. आपल्या देशातील १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यानेही प्रसूतीनंतर सहा आठवडे स्त्रीस कामावर ठेवण्यास मालकाला मनाई केली. आजीचा सव्वा महिना, डॉक्टरांचे ४२ दिवस आणि कायद्याचे सहा आठवडे ही तीन मोजमापे तीन ठिकाणी जन्मली आणि जवळजवळ एकाच जागी येऊन थांबली. तेव्हा मुदतीविषयी कोणाचा फारसा वाद नाही. वाद आहे तो या दिवसांत घरातला डबा कोणी भरावयाचा याविषयी, आणि तो वाद शंभर वर्षांहून जुना आहे.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने कामकरी स्त्रीस प्रसूतीच्या आधी व नंतर मिळून बारा आठवड्यांची रजा आणि त्या काळात निर्वाहापुरते साहाय्य असावे असा ठराव केला. हिंदुस्थान सरकारने तो स्वीकारला नाही. १९२४ साली कामगारांचे पुढारी नारायण मल्हार जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात या विषयावर विधेयक आणले. ते नामंजूर झाले. मग १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात आसवले यांनी विधेयक मांडले आणि जुलै महिन्यात त्यावरील चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा, की प्रसूतीच्या आगेमागे आईस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्यामुळे हा भार वस्तुतः बव्हंशी सरकारने उचलावा. तथापि स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचाही फायदा असतो, म्हणून त्यानेही काही वाटा उचलणे न्याय्य आहे. १९२९ साली तो कायदा झाला आणि गिरणीतील बाळंतिणीस ठराविक आठवड्यांपुरते रोज आठ आणे मिळू लागले. पुढच्याच वर्षी मध्यप्रांत-वऱ्हाडात तसा कायदा झाला. आपले औरंगाबाद त्या काळी निजामाच्या राज्यात असल्यामुळे मुंबईचा कायदा येथील स्त्रीस लागू नव्हता. सरहद्दीपलीकडची बाळंतीण आणि अलीकडची बाळंतीण यांची गर्भाशये मात्र सारखीच होती.

बाबासाहेबांच्या त्या बोलण्यातील एक अर्धा भाग मागे पडला आणि त्याचे परिणाम आपण आजही भोगीत आहोत. १९२९ च्या कायद्याने सगळा भार एकट्या मालकावर टाकला. आता कोणताही मालक हिशेब करणारच. बाई ठेवली तर बाळंतपणाचा खर्च, पुरुष ठेवला तर नाही! मुंबईच्या कापडगिरण्यांतून पुढील दशकांत बायांची संख्या घटत गेली. त्याची कारणे अनेक होती. नवी यंत्रे आली, रात्रपाळीवर स्त्रियांना बंदी होती. परंतु बाईचे बाळंतपण मालकाच्या एकट्याच्या खिशात बसविले होते हेही त्यांतले एक कारण मानले जाते. हा दोष जाणूनच १९४४ च्या अदारकर अहवालानंतर १९४८ साली कामगार राज्य विम्याचा कायदा झाला. त्याची युक्ती साधी आहे. मालक आणि कामगार दोघांनी प्रत्येक पगारामागे थोडी वर्गणी भरावयाची, मग तो कामगार स्त्री असो वा पुरुष. आणि बाळंतिणीचा पगार मालकाने न देता विम्याच्या निधीतून द्यावयाचा. २०१९ साली ही वर्गणी मालकाची पगाराच्या शेकडा ३.२५ आणि कामगाराची ०.७५ अशी ठरली. बाईला कामावर न ठेवल्याने या वर्गणीत मालकाचा एक पैसाही वाचत नाही. ही गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवावी. शेवटी तिच्याकडे परत यावयाचे आहे.

आता आमच्या लेखणीची हकीकत सांगतो.

१९८४ साली आम्ही चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात टाइम ऑफिसात होतो. कारखान्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. सबंध कारखान्यात मिळून अठ्ठावीस बाया होत्या, बहुतेक पॅकिंगमध्ये आणि रोजंदारीवर. हा आकडा तिसाच्या वर कधी जात नसे. तीसपेक्षा अधिक बाया असल्या तर पाळणाघर बांधावे लागे, ही १९७६ पासूनची अट वरच्या मंडळींना ठाऊक होती. बायांना विम्यात घेतलेले नव्हते. त्यांच्यापुरता १९६१ चा कायदा लागू होता, आणि त्यात त्या काळी अशी अट होती की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत बाईचे निदान १६० दिवस काम भरलेले असावे.

आठवा महिना संपता संपता त्यांतली एक बाई आमच्या खिडकीशी आली. आम्ही मस्टर काढले, दिवस मोजले. १५३ भरले. पुन्हा मोजले. १५३. तिला मधून मधून 'ब्रेक' दिला होता; त्या काळी रोजंदारीच्या माणसांना तो सर्रास देत. ती म्हणाली, "सात दिवस भरून देते, भाऊ." आम्ही वर विचारले. उत्तर आले, की अशा अवस्थेत तिला आत घेण्याची जोखीम नको. ती काही न बोलता गेली.

प्रसूतीनंतर एकविसाव्या दिवशी ती कामावर हजर झाली. कायद्याने ४२ दिवस तिला कामावर घेण्यास मनाई होती, आणि ती मनाई १६० दिवस भरलेल्या व न भरलेल्या दोघींनाही सारखीच लागू होती. आम्हांस कायदा पाठ होता. तिला परत पाठविले असते तर कायदा पाळला गेला असता आणि तिच्या घरी आणखी तीन आठवडे चूल पेटण्याची पंचाईत झाली असती. आम्ही हजेरी लावली. दया म्हणून लावली, अशी स्वतःची समजूत घातली. वस्तुतः ज्या रजेला पगार नाही ती विश्रांती होत नाही, एवढे तिने आम्हांस त्या दिवशी दाखवून दिले होते. आम्ही ते समजून घेतले नाही इतकेच.

तिचे मूल सात-आठ वर्षांच्या थोरल्या मुलीच्या हवाली असे. दुपारच्या सुट्टीत ती पोरगी बाळाला घेऊन दारापर्यंत येई. एखादा पहारेकरी आईस बाहेर सोडी, एखादा सोडीत नसे. बाळास पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सवड द्यावी, मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत द्यावी, असे त्याच कायद्यात लिहिलेले होते. परंतु मूल दोन मैलांवर घरी आणि आई येथे, तर त्या सवडीचे करावयाचे काय? आईचे दूध हे मूल जसे ओढते तसे तयार होते. दिवसाचे आठ-नऊ तास ओढणारे कोणी नसले की ते हळूहळू आटते. तसेच झाले. मग डब्याची पावडर आली, ती पुरवावी म्हणून पातळ होऊ लागली, बाटली आली, आणि बाटलीबरोबर पाणी आले. पावसाळ्यात हगवण लागून ते मूल गेले. तेव्हा ते चार महिन्यांचे होते.

आमच्या मस्टरमुळे ते मूल गेले असे आम्ही म्हणत नाही. पाणी वाईट होते, वस्ती वाईट होती, कारणे पुष्कळ. परंतु १५३ हा आकडा आम्ही मोजला होता, आणि चाळीस वर्षे तो आम्हांस विसरता आलेला नाही. १९८८ साली ती अट १६० वरून ८० दिवसांवर आणली गेली. त्या हिशेबाने तिचे दिवस जवळजवळ दुप्पट भरले असते.

त्यानंतर कायदा बराच पुढे गेला, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. २००० साली दिल्ली महानगरपालिकेच्या मस्टरवरील रोजंदार स्त्रियांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की रोजंदारीवरील बाईदेखील या लाभाची हक्कदार आहे. २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी बारा आठवड्यांची रजा २६ आठवड्यांवर नेण्यात आली. बाळास सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे असे डॉक्टर सांगतात. तेव्हा २६ आठवडे हा आकडा कोणी डोळे मिटून घेतलेला नाही. ५० वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असावे व आईस दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे, ही अटही तेव्हा आली. १९६१ चा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे. २६ आठवडे आणि ८० दिवस दोन्ही तिच्यात कायम आहेत. ज्यांच्या सुना बँकेत, शाळेत, वाळूजच्या मोठ्या कारखान्यांत आहेत त्या घरांनी याचा लाभ घेतलाच आहे, आणि त्यात संकोचण्यासारखे काही नाही.

परंतु दुकान असल्यास दहा माणसे असली तरच हा कायदा लागू होतो. दहा! आपल्या ज्ञातीत किती दुकानांत दहा माणसे आहेत? येथून सूतगिरणी चौकाकडे चालत जा. (सूतगिरणीचे नाव चौकास राहिले आहे एवढेच.) रस्त्याच्या दोन्ही अंगांस पिको-फॉलची, ब्लाऊजची, गणवेशांची दुकाने दिसतील, त्यांत आपल्या सभासदांची कमी नाहीत. कोठे चार माणसे, कोठे सहा. एका ठिकाणी आम्ही सहज विचारले तेव्हा मालक हसून म्हणाले, "काका, नऊच ठेवतो. दहावा आला की कागद वाढतात." ते गृहस्थ दुष्ट नाहीत. दिवाळीस बोनस देतात, बायांच्या मुलांना वह्या देतात. परंतु मे-जूनमध्ये गणवेशांचा हंगाम ऐन भरात असताना त्यांच्याकडील एक बाई नवव्या महिन्यापर्यंत मशीनवर होती आणि बाळंत झाल्यावर विसाव्या दिवशी घरी काज-बटणाचे गाठोडे मागवून घेत होती. गाठोडे पाठविणारास वाटले आपण उपकार केला. आम्हांस तो एकविसावा दिवस आठवला.

दुकानातील बाईस निदान दुकान आहे. घरी बसून नगावर शिवणारीस, चार घरची धुणीभांडी करणारीस, बांधकामावर घमेले उचलणारीस कोणत्या मस्टरवर शोधावयाचे? शहराबाहेर पाहिले तर स्थिती याहून बिकट आहे. आपल्या मराठवाड्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जोडप्यांनी माणसे जातात. तेथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात आणि उचल कोयत्याच्या नावे देतात; एखाद्या दिवशी बाई कामावर गेली नाही तर त्याचा 'खाडा' धरून पैसे कापतात. जेथे पाळीच्या दिवसांचाही खाडा, तेथे बाळंतपणाच्या रजेची भाषा कोण बोलणार? २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढून टाकलेली होती. सहा जणींत एकीहून थोडे अधिक. या शस्त्रक्रियांची कारणे एकच नाहीत. परंतु ज्या धंद्यात बाईच्या शरीराला एक दिवसाचीही सवड नाही, त्या धंद्यातील हा आकडा आहे हे विसरून चालणार नाही.

सरकारने या न मोजलेल्या बायांसाठी काहीच केले नाही असे नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. आपल्या ज्ञातीतील ज्या घरांना ही योजना लागू आहे त्यांनी अंगणवाडीत वा आशाताईंकडे नाव नोंदविण्यात मुळीच कमीपणा मानू नये. तथापि ५,००० रुपये २६ आठवड्यांवर पसरले तर दिवसाला सत्तावीस-अठ्ठावीस रुपये पडतात. तेवढ्यासाठी कोणती बाई मशीन थांबवील?

येथे एक अभिमानाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती आपल्या शहरातली आहे. २००५ साली राज्याने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केले, आणि त्याचे काम मुंबईहून न चालविता औरंगाबादेहून सुरू केले. येथील विभागीय आयुक्त असताना व्ही. रमणी यांनी मराठवाड्यात कुपोषणावर जे काम केले होते त्यातून ही कल्पना निघाली, आणि मिशनची धुराही प्रथम त्यांच्याकडेच आली. त्यांनी केले काय? पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक मुलाचे वजन करविले आणि वाईट आकडा लपवावयाचा नाही अशी शिस्त लावली. पुढे लक्ष केंद्रित केले ते पहिल्या हजार दिवसांवर. गर्भातले २७० आणि जन्मानंतरच्या दोन वर्षांचे ७३०. या हजार दिवसांत मूल खुरटले तर ती तूट पुढे भरून काढणे अतिशय कठीण जाते. महाराष्ट्रातील दोन वर्षांखालच्या मुलांत खुरटलेल्यांचे प्रमाण २००५-०६ मध्ये शेकडा ३६ ते ३९ होते (मोजण्याच्या रीतीप्रमाणे आकडा थोडा बदलतो). २०१२ च्या पाहणीत ते २४ च्या आसपास आले. राज्यातील मातामृत्यूंचे प्रमाणही दर लाख जिवंत जन्मांमागे २००४-०६ मध्ये १३० होते ते २०१८-२० मध्ये ३३ झाले. शेकडा ९४ हून अधिक प्रसूती आता दवाखान्यात होतात. आमच्या लहानपणी घाटीच्या रुग्णालयात बाळंतपणास जाणे म्हणजे घाबरण्याची गोष्ट होती. आज घरी बाळंत होणे ही घाबरण्याची गोष्ट झाली आहे.

पण त्याच सरकारी पाहण्यांत दुसराही एक आकडा आहे. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत रक्त कमी असलेल्यांचे प्रमाण राज्यात २०१५-१६ मध्ये शेकडा ४८ होते. २०१९-२१ मध्ये ते ५४ झाले. पाच वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचे प्रमाणही त्या दोन पाहण्यांत ३४ वरून ३५ वर, म्हणजे जवळजवळ तेथेच राहिले. दवाखान्याने आपला भाग बराचसा केला. दवाखान्यातून दोन-तीन दिवसांनी घरी सोडल्यावरचा भाग मागे राहिला आहे. लोहाच्या गोळ्या दिल्या तरी त्या खाणारीला दुपारचे पोटभर जेवण आणि झोप हवी. ती मिळण्यासाठी तिच्याऐवजी मशीनवर कोणी तरी मावशी बसली पाहिजे, किंवा मावशीच्या जागी पैसे आले पाहिजेत. आज मावश्याही स्वतःच्या मशीनवर अडकलेल्या आहेत. म्हणून आम्ही पैशाविषयी बोलतो.

आता मघाशी ध्यानात ठेवावयास सांगितलेल्या गोष्टीकडे येतो. दहाहून कमी माणसे असलेल्या आस्थापनेसही, मालक आणि बहुसंख्य कामगार यांची संमती असल्यास, आपखुशीने कामगार विम्यात येण्याची वाट नव्या संहितेने ठेवलेली आहे. ज्यांची दुकाने बऱ्यापैकी चालतात त्यांनी ती वाट धरावी. कागद वाढतील हे खरे. ते भरून देण्यास आम्ही तयार आहोत. तेहतीस वर्षे दुसरे काही केलेले नाही.

ज्यांना ते आज जमत नाही त्यांच्यासाठी, आणि घरी नगावर शिवणाऱ्या भगिनींसाठी, मंडळाने एक निधी काढावा अशी आमची सूचना आहे. समजा, आपली वीस दुकाने एकत्र आली आणि त्यांत मिळून १२० माणसे आहेत. प्रत्येक माणसामागे, स्त्री असो वा पुरुष, मालकाने महिन्यास २० रुपये भरले तर वर्षाचे २८,८०० रुपये होतात. महिना ९,००० रुपये मिळविणाऱ्या बाईचा सहा आठवड्यांचा पगार १३,५०० रुपये होतो. म्हणजे वर्षास दोन बाळंतपणे निघतात. तिसरे आले तर? तर तुटीचे पैसे मंडळाने वधू-वर मेळाव्याच्या शिलकेतून घालावेत. ज्यांची लग्ने जमविण्यास आपण एवढा खर्च करतो, त्यांच्या बाळंतपणास थोडा लागला तर कोणाची हरकत असू नये. वर्गणी पुरुष कामगारामागेही घ्यावयाची यावर काही मंडळी कुरकुरतील. त्यांनी १९२९ चा कायदा आणि १९४८ चा कायदा यांतला फरक पुन्हा एकदा मनाशी तपासून पाहावा.

या निधीचा पगार २६ आठवड्यांचा नाही, सहाच आठवड्यांचा आहे, याची आम्हांस जाणीव आहे. त्याची एकच अट असावी: तो बाळंतीण होण्यापूर्वी आठ दिवस तिच्या हातात पडावा, आणि त्या मुदतीत दुकानातून तिच्या घरी एकही गाठोडे जाऊ नये. किती दिवस काम भरले हे विचारू नये. दिवस मोजण्याचे काम कृपा करून या निधीत कोणास देऊ नका, आम्हांस तर मुळीच नको.

सभागृहाच्या दारापाशी टेबलावर एक वही ठेवली आहे. तिच्यात तीन रकाने आखले आहेत: दुकान, माणसे किती, त्यांत बाया किती. पहिल्या पानावर आमच्या मुलाचे दुकान लिहिले आहे. माणसे सात, बाया चार, आणि त्यांतल्या एकीस श्रावणात दिवस भरतात. तिचे सहा आठवडे धरले आहेत. भोजनास जाण्यापूर्वी आपापली ओळ भरावी. नऊ लिहिणाऱ्यांनी नऊच लिहावे, आम्ही काही विचारणार नाही.